निळं टोक, हिरवं टोक

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत जेवढा उजेड काचेच्या तारांतून धावतो, त्यातला निम्मा आपल्याला विचारून धावतो अशी आमच्या साडूंची पक्की समजूत आहे. उरलेला निम्मा का अडखळतो, याची कारणंही त्यांच्याकडे तयार असतात. साडू हे नातं मुळातच गमतीचं. भाऊ आपण निवडत नाही हे खरं, पण निदान त्याच्याबरोबर लहानपण तरी काढलेलं असतं. साडू मात्र चांगल्या जाणत्या वयात, बायकोच्या बहिणीमागोमाग घरात येतो आणि जन्मभराचा होऊन बसतो. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, मोशीत दिल्या. मी सांगवीला राहतो आणि कॉलेजात इतिहास शिकवतो. साडू मोशीच्या जुन्या घराण्यातले, भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात फायबरच्या केबलना टोकं बसवतात. ताई आणि माझी बायको एकमेकींच्या बहिणी नसत्या, तर आम्ही दोघं उभ्या आयुष्यात बसच्या रांगेतसुद्धा एकमेकांशी बोललो नसतो.

टोकं बसवणं एवढंच म्हटलं तर ते रागावतात. "टोक कुणी बी बसवंल, पाव्हणं. घासायचं कोन?" त्यांचं खरं काम घासण्याचं. फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काचेची तार. तिच्या टोकाला कनेक्टर बसतो, कनेक्टरच्या तोंडाशी पांढऱ्या सिरॅमिकची काडी असते आणि त्या काडीच्या मधोमध ही तार. असे दोन कनेक्टर तोंडाला तोंड लावून भेटले की उजेड इकडून तिकडे जातो. तोंडं नीट घासलेली नसली, तर वाटेतच सांडतो. घासण्याच्याही जाती आहेत. जुनी पीसी, तिच्यापेक्षा गुळगुळीत यूपीसी आणि तोंड आठ अंशांत तिरकं कापलेली एपीसी. यूपीसीचा कनेक्टर निळा, एपीसीचा हिरवा. हे ज्ञान मला मागून मिळालेलं नाही. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत, फराळाच्या ताटावर, एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात करंजी घेऊन ते मला देण्यात आलं. चकली कोणत्या जातीची होती हे आता आठवत नाही, पण करंजी हिरवी होती, म्हणजे तिरकी. "निळा सरळ समोर बघतो," ते म्हणाले, "हिरवा जरा मान वाकडी करतो. म्हंजे जो उजेड आपटून मागं फिरतो, तो पाठवनाऱ्याच्या डोळ्यात जात न्हाई, बाजूला जातो. टीव्हीला, घरच्या इंटरनेटला हिरवा लागतो. कारखान्यातल्या यंत्रांना निळा बास." मग त्यांनी करंजी खाल्ली आणि विषय संपला असं मला वाटलं. त्याला आता एकवीस वर्षं झाली, विषय चालूच आहे.

सगळी माणसंही त्यांनी याच हिशेबानं लावून ठेवली आहेत. काही निळी, काही हिरवी. निळ्या माणसाला काही बोललं की ते तसंच्या तसं आपल्याकडे परत येतं. हिरव्याला बोललं की ते कुठं जातं कळत नाही, पण परत येत नाही. ताई हिरव्या. "एवढी वर्षं मी बोलतोय, एक शब्द मागं आलेला न्हाई," असं ते अभिमानानं सांगतात. ताई तेव्हा मान जराशी कलती ठेवून भाजी निवडत असतात. माझी बायको निळी, याबद्दल आम्हा दोघांतही मतभेद नाहीत. मी कोण, असं एकदा धीर करून विचारलं, तर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तुमी अजून नुसतं कापलेलं हाय. घासायचं ऱ्हायलंय."

घासण्याची रीत अशी. जाड सपाट काचेवर बारीक खरखरीत फिल्म पसरायची, तीवर कनेक्टर उभा धरायचा आणि इंग्रजी आठाचा आकडा काढत फिरवायचा. मराठी आठानं काम होत नाही. एका फिल्मवर तीस आठ, मग त्याहून बारीक फिल्म, पुन्हा तीस. शेवटची फिल्म इतकी बारीक, की बोट फिरवलं तर ती खरखरीत आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. रोज शेकडो आठ काढून काढून त्यांच्या मनगटाला आता दुसरी चाल उरलेली नाही. चहा ते आठात ढवळतात. चष्मा आठात पुसतात. मोशीच्या घरी एकदा ताईंनी त्यांना अंगणात सडा मारायला सांगितला, तर बादली संपेपर्यंत अंगणभर आठच आठ, आणि मध्ये कोरडी राहिलेली दोन-दोन वर्तुळं. भाचीच्या साखरपुड्यात पाहुण्यांना अत्तर लावायचं काम त्यांच्याकडे दिलं होतं. नवऱ्या मुलाचे वडील हात मागे घ्यायला बघत होते, पण तीस पूर्ण झाल्याशिवाय साडूंनी तो सोडला नाही.

दुसरी गोष्ट त्यांच्या खिशातली छोटी दुर्बीण. खरं तर ती सूक्ष्मदर्शक आहे, कनेक्टरचं तोंड तपासायची, पण घरात तिला दुर्बीणच म्हणतात. तिच्यातून त्यांनी माझ्या शाईच्या पेनाचं निब पाहिलं आहे ("बंद करा हे लिखान, खड्डा पडलाय"), ताईंच्या मंगळसूत्राचे मणी पाहिले आहेत, आणि एकदा पिंपरी कॅम्पातल्या दुकानात चष्म्याची काच पाहून त्या दुकानदाराला असं काही सांगितलं, की तो आजही आम्हाला पाहिलं की शटरकडे बघतो. "पुसलं म्हंजे साफ झालं असं न्हाई, पाव्हणं. बघितलं म्हंजे साफ झालं." हे वाक्य मी वर्गात एकदा वापरलं, कागदपत्रांच्या बाबतीत. मुलांनी लिहून घेतलं. माझ्या इतर कुठल्या वाक्याच्या वाट्याला तो मान आलेला नाही. ताईंचं म्हणणं वेगळं. "काडीच्या टोकाकडं एवढं निरखून बघतात. माझ्याकडं कधी बघितलं नाही." साडू दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाले, "तुज्यावर धूळ कुठं बसती?" ताई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाला आधण ठेवलं.

धूळ हा त्यांचा जन्माचा वैरी. उघड्या तोंडाची कुठलीही वस्तू त्यांना बघवत नाही. लग्नाच्या पंगतीत ते पाण्याच्या बाटल्यांना झाकणं लावत फिरतात. आणि खंडेनवमीला तर कारखान्यात नेहमीचा प्रसंग ठरलेला. सगळी यंत्रं धुऊनपुसून, हार घालून, हळदकुंकू लावून पुजली जातात. साडू देवभोळे, उपास-तापास करणारे, पण त्यांच्या टेबलाच्या दहा फुटांत कुंकवाची कोयरी आलेली त्यांना चालत नाही. टेबलाची पूजा होते ती काचेच्या दाराबाहेरून. अक्षता आणि एक झेंडू, बस्स. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "अक्षता दिसतात, म्हनून चालतात. कुंकू उडाल्यालं दिसत न्हाई, म्हनून चालत न्हाई. देवाला आमी सांगून ठिवलंय."

हे टेबल बावीस वर्षांचं. कारखान्याचे थोरले मालक होते तोवर त्याला कुणी हात लावला नाही. दोन वर्षांपूर्वी धाकटे मालक, म्हणजे त्यांचे चिरंजीव, इंजिनिअर होऊन कारभारात आले. मुलगा चांगला, साडूंना काका म्हणणारा. पण त्यानं कॅटलॉग वाचले होते, आणि कॅटलॉगात हिरवा कनेक्टर सगळ्यांत वरच्या पानावर असतो, कारण मागे फिरणारा उजेड त्यात सगळ्यांत कमी. त्यावरून त्यानं ठरवलं, की आपला माल इथून पुढे सगळा हिरवा, आणि तोही घासूनपुसून तयार आलेला. हातानं घासायचं टेबल दिवाळीनंतर काढून टाकायचं, तिथे रॅक येईल. टेबल जाणार याबद्दल साडू कारखान्यात चकार शब्द बोलले नाहीत. भांडले ते हिरव्यावरून. "सगळ्यांत चांगला म्हंजे काय? समोर कोन हाय ते न बघता चांगला कसा ठरंल?" मालक म्हणाले, काका, तुम्ही जुने झालात. साडू म्हणाले, व्हय, आणि घरी आले. मोशीच्या गॅलरीत बसून, समोर नव्या इमारतींच्या क्रेन बघत, त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "टेबल गेलं तर मी तिथं जाऊन बसू कुठं, पाव्हणं?" निवृत्तीला त्यांची अजून दीड वर्षं होती. मी इतिहासाचा माणूस. गेलेल्या गोष्टींबद्दल मला पुष्कळ बोलता येतं, जाणाऱ्या गोष्टीबद्दल काही सुचेना. त्या संध्याकाळी त्यांनी चहात चमचा घातला आणि नुसता धरून ठेवला. ढवळला नाही. मला ते फार लागलं.

दसऱ्याला मी आणि बायको मोशीला जेवायला गेलो होतो. सकाळी नऊला धाकट्या मालकांचा फोन आला. चाकणच्या एका कंपनीत त्या दिवशी नव्या शेडचं उद्घाटन होतं, प्रमुख पाहुणे साडेअकराला येऊन बटण दाबणार होते, आणि जुन्या शेडमधली माहिती नव्या शेडच्या मोठ्या पडद्यावर झळकणार होती. दोन शेडमधली केबल साडूंच्या कारखान्याची. जुन्या शेडकडचं टोक साडूंनी उन्हाळ्यातच निळं करून दिलं होतं. नव्या शेडकडचं टोक मालकांनी आपल्या पसंतीनं, तयार, हिरवं बसवून घेतलं होतं. आता पडदा कोरा होता.

"काका, उजेड येतोय, पण पडदा येत नाही," मालक म्हणाले. फोन स्पीकरवर होता.

"टोक हिरवं हाय?"

"हो."

"आणि यंत्राकडनं येनारी वायर?"

फोनमध्ये सनईच्या कॅसेटवरून मालकांची पावलं यंत्राकडे जाताना ऐकू आली. मग मालक हळूच म्हणाले, "निळी."

यातली गोम अशी, की हिरवा आणि निळा एकमेकांत बसतात. आकार तोच, टक्कन आवाजही होतो, बाहेरून पाहणाऱ्याला सगळं झकास दिसतं. आत एकाचं तोंड सरळ, दुसऱ्याचं तिरकं, मध्ये फट. उजेड त्या फटीत सांडत राहतो. अशी काही घरं मला माहीत आहेत.

बाजारात एका बाजूला निळी आणि दुसऱ्या बाजूला हिरवी अशी वायर मिळते, पण दसऱ्याच्या सकाळी कुठलं दुकान? साडूंनी पिशवी भरली. फिल्म एका जुन्या डायरीच्या पानांत ठेवलेल्या असतात, त्या घेतल्या. पटकन धरणारा गोंद, तिरकं घासायची पितळी चकती ("वापरायची येळ येऊ ने म्हनून जवळ ठिवतो"), दुर्बीण, आणि टॉवेलात गुंडाळलेली घासायची काच. पिशवी माझ्या मांडीवर दिली आणि बजावलं, "जाग्यावरनं हलवू नका." स्कूटरवर मी मागे बसलो. चाकणच्या रस्त्यावर सणाच्या दिवशीही ट्रकांची रांग होती. साडू त्या रांगेतून आठ काढत निघाले. एका गतिरोधकावर मी हवेत उडालो, पिशवी माझ्याआधी खाली पोचली, आणि मी पिशवीवर. कट् असा आवाज आला. तो माझ्या हाडाचा असावा अशी मी मनापासून प्रार्थना केली. पुढचे नऊ किलोमीटर मी त्या आवाजाबद्दल एक शब्द बोललो नाही.

कंपनीच्या दारात कमान, रांगोळी, झेंडूच्या माळा. आत साडूंनी टॉवेल उलगडला आणि काचेचे तीन तुकडे बघितले. मग माझ्याकडे बघितलं. "हाड बरं हाय का?" एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मॅनेजरसाहेब कोट घालून घामाघूम होते. "काच? काच कुठली आणू मी आत्ता?" साडूंची नजर शेडभर फिरली आणि व्यासपीठाजवळच्या टेबलावर थांबली. तिथे लाल मखमलीवर प्रमुख पाहुण्यांना द्यायचं सन्मानपत्र होतं, चांगलं दोन फूट लांब, सोनेरी चौकटीत. मी जवळ जाऊन वाचू लागलो. उद्योगमहर्षी, द्रष्टे, कर्मयोगी... चौथ्या विशेषणापर्यंत पोचायच्या आत साडूंनी चौकट उचलली, तिरकी धरून काचेवरून उजेड बघितला आणि मागचे खिळे वाकवायला सुरुवात केली.

"अहो काका, ते साहेबांचं सन्मानपत्र आहे!" मॅनेजर ओरडले.

"सन्मानपत्र ऱ्हाऊ द्या. काच द्या."

निळ्या वायरीचं एक तोंड कापून तिथे हिरवं बसवायचं होतं, आणि उजेड जायची एक, यायची एक अशा वायरी दोन, म्हणून अशी दोन टोकं करायची होती. हिरवे कनेक्टर मालकांच्या गाडीत पडलेलेच होते. मालकांशी ज्या हिरव्यावरून भांडले, तोच आता साडू जमिनीवर मांडी घालून, विशेषणांवरून काढलेल्या काचेवर, हातानं घासत होते. आणि किती मन लावून! मॅनेजरसाहेबांना त्यांनी काच धरून ठेवायला बसवलं, कोटासकट. धाकट्या मालकांना आठ मोजायला लावले. "चोवीस, पंचवीस," मालक मोजत होते, आणि मॅनेजर दर आठाला घड्याळ बघत होते. शेवटची फिल्म झाली. साडूंनी टोक पुसलं, दुर्बिणीला लावलं, बघितलं, पुन्हा पुसलं. मग दुर्बीण मालकांच्या हातात दिली. "तुमी बघा." मालकांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. "काका, काहीच दिसत नाहीये." "तेच बघायचं असतंय," साडू म्हणाले.

टक्. टक्. पडदा उजळला. मॅनेजर कोट झटकत उठले आणि भीती गेल्यावर माणसाला येतो तो राग त्यांना आला. "मला एक सांगा, नक्की चूक कुणाची होती?" मालकांचा चेहरा उतरला. साडू फिल्म डायरीत ठेवत होते. मान वर न करता म्हणाले, "चूक कुनाची न्हाई, सायेब. दोनी टोकं चांगली हायती. एकमेकांसाठी नव्हती, एवढंच."

इतक्यात मॅनेजरसाहेबांच्या सौ. पूजेचं ताट घेऊन आल्या. नव्या यंत्राला कुंकू लावून झालं होतं आणि आता त्यांची बोटं थेट वायरी बसवलेल्या उघड्या पॅनेलकडे निघाली होती. साडू एका ढांगेत मध्ये उभे राहिले, टोपी काढली आणि कपाळ पुढे केलं. "वहिनी, हितं लावा." त्या बिचाऱ्यांनी गोंधळून लावलं, वर अक्षताही टाकल्या. पॅनेलच्या वाट्याचं सगळं कुंकू साडूंनी असं अंगावर घेतलं, आणि मागे हात नेऊन पॅनेलचं झाकण हळूच बंद केलं. प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा आले, बटण दाबलं, टाळ्या झाल्या. सन्मानपत्र त्यांना दिलं तेव्हा काचेच्या चार कोपऱ्यांवर फिल्म धरून ठेवणाऱ्या चिकटपट्टीचे डाग तसेच होते. त्या कागदावर काय काय लिहिलं होतं देव जाणे, पण त्या दिवशी कामाला आलेली गोष्ट त्यात एकच होती, आणि ती मी फार जवळून पाहिली आहे.

दिवाळीनंतर घासायचं यंत्र आलं. एका दमात बारा टोकं घासतं, निळी म्हणाल तर निळी, हिरवी म्हणाल तर हिरवी. मला वाटलं साडू आता त्याला नावं ठेवतील. त्यांनी पहिल्याच दिवशी बाराच्या बारा टोकं दुर्बिणीतून बघितली आणि रविवारी सांगवीला येऊन मला सांगितलं, "माझ्यापरीस चांगलं करतंय, पाव्हणं. खोटं कशाला बोला." रॅक मात्र आला नाही. टेबल खिडकीशी सरकलं, तिथेच आहे. धाकट्या मालकांनी मागणीचा छापील कागद बदलून घेतला आहे. त्यावर गिऱ्हाइकाच्या नावाच्याही आधी पहिला प्रश्न आहे: समोर काय आहे? तो कागद आधी खिडकीशी जातो, साडू तो वाचतात, कधी फोन लावून विचारतात, मग बाजूला निळी किंवा हिरवी टिकली लावतात. त्यानंतरच यंत्र चालू होतं. हात बराचसा मोकळा असतो. रोज एखादं टोक तरी ते काचेवर घासतात, लागत नसलं तरी. नवी काच मी आणून दिली, पिंपरीहून, रिक्षानं, दोन्ही हातांत धरून.

चाकणच्या त्या दोन वायरी पुढे बदलल्या. त्यातली एक साडूंनी मला दिली. एका टोकाला निळा, दुसऱ्याला हिरवा, दोन्हींना झाकणं. ती माझ्या पुस्तकांच्या टेबलावर असते. साडू येतात तेव्हा आधी झाकणं काढून दोन्ही टोकं बघतात, "धूळ न्हाई" म्हणतात, झाकणं लावतात आणि मग चहाला बसतात. आत दोघी बहिणी बोलत असतात. आम्ही दोघं बाहेर, आपापला चहा ढवळत. येत्या मार्चमध्ये ते निवृत्त होतील. टेबल घरी न्यायला मालकांनी सांगितलं आहे, पण साडू म्हणतात, तिथंच राहू द्या, टिकली लावनाऱ्याला बसायला जागा पायजे.

परवा सकाळी चहा घेताना बायको माझ्या हाताकडे बघत राहिली. मी चमचा थांबवला नाही, कारण अठ्ठावीस आठ झाले होते आणि अजून दोन बाकी होते.